मागच्या कॅनचं दूध

मालकांच्या मुलानं तो कागद माझ्यापुढं धरला तेव्हा माझे हात खव्यानं माखलेले होते. मी पदराला हात पुसले आणि कागद घेतला. त्यावर चौकोन आखलेले होते. डावीकडं पाच जणींची नावं आणि वरच्या ओळीत पाच शब्द: वजन, रंग, स्वच्छता, वेळ, वागणूक. प्रत्येकीला प्रत्येक चौकोनात दहापैकी मार्क द्यायचे होते.

“महिनाभर बघा आणि भरून द्या, ताई,” तो म्हणाला. “रोजचं वजन तुम्हीच लिहिता. तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?”

मी मान हलवली. मला नाही म्हणता येत नाही, आणि हो म्हणतानाही आवाज निघत नाही. तो दारापर्यंत गेला आणि तिथून सहज सांगावं तसं म्हणाला, “दिवाळी झाली की मशीन येतंय. मग कढया चारच ठेवायच्या. जिचे मार्क सगळ्यात कमी, तिला थांबवावं लागंल. आधीच कळलं म्हणजे तिला दुसरीकडं बघता येईल.”

तो गेल्यावर मी कागदाची घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली. दिवसभर ती टोचत होती.

आमची भट्टी ईट गावाच्या बाहेर आहे. पत्र्याची लांब शेड, पाच चुली, पाच कढया. आमच्या भूमच्या बाजूला अशा भट्ट्या पुष्कळ आहेत. सकाळी दूध येतं, दुपारपर्यंत आटवून त्याचा खवा होतो आणि संध्याकाळच्या गाडीनं बाहेर जातो. मी स्वतः नऊ वर्षं कढईवर होते. मग उजवा कोपर धरला, उलथणं फिरवता येईना. माझं शिक्षण चौथीपर्यंत, कारण आमच्या वस्तीवरची शाळा तिथंच संपायची, पण अक्षर बरं आहे. म्हणून मालकांनी मला काट्यावर बसवलं. त्याला आता तीन वर्षं झाली. सकाळी आलेलं दूध पाच जणींना वाटून द्यायचं आणि दुपारी प्रत्येकीच्या खव्याचं वजन वहीत लिहायचं, एवढं माझं काम. ते काम मला आवडायचं. त्यात कुणाशी बोलावं लागत नाही.

पाच जणींतली सगळ्यात जुनी म्हणजे खाला. आम्ही सगळ्याच तिला खाला म्हणतो, मालकसुद्धा. साठीच्या पुढची असेल. तिची कढई शेडच्या आतल्या टोकाला, भिंतीजवळ. मी लग्न होऊन आले आणि पहिल्यांदा भट्टीवर उभी राहिले तेव्हा धुरानं माझे डोळे मिटले होते आणि दूध बुडाला लागलं होतं. तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि उलथणं कसं कढईच्या कडेकडेनं फिरवायचं ते दाखवलं. “बेटी, दूध बघू नको, आवाज ऐक,” म्हणाली. “लागायच्या आधी ते बोलतं.” मला आजही आटणाऱ्या दुधाचा आवाज कळतो तो तिच्यामुळं. तिच्या घरी दुसरं कुणी नाही. भट्टी बंद असली की ती दिवसभर दारात बसून असते.

दुसऱ्या टोकाला, दाराजवळच्या कढईवर एक बाई आहे. माझ्याच वयाची, आवाज मोठा. तिची मुलगी धाराशिवला शिकते. तिला आम्ही दाराकडची म्हणतो, तीही हसून घेते. मधल्या दोन कढयांवर दोघी जावा, आणि त्यांच्या पलीकडं, खालाच्या शेजारी, यंदाच लग्न होऊन आलेली एक मुलगी.

कागदाची गोष्ट दुसऱ्या दिवशीच सगळ्यांना कळली. मी सांगितली नव्हती. मी काट्याजवळ बसले तसं दाराकडची मोठ्यानं म्हणाली, “गप बसा गं, शाळा भरली. बाई पेपर तपासणार हायत.”

थोरली जाऊ म्हणाली, “मला पास करा बाई, घरी मार बसंल.”

“तुझं काय ते बघू. खालाला मात्र पैकीच्या पैकी. शिकवणीची फी फिटायला नको का?”

सगळ्या हसल्या. खालाही हसली. मी वही उघडून त्यात डोकं घातलं.

त्या दिवसापासून मला नीट जेवण गेलं नाही. भाकरी थापताना परातीतल्या पिठावर माझं बोट आपोआप आकडे काढायचं. मालकीणबाई सहज हसल्या तरी वाटायचं, यांना काहीतरी कळलंय. जिच्याकडं बघावं तिला वाटायचं मी मार्क देतेय, म्हणून मी बघायचंच सोडून दिलं. आणि न बघता मार्क कसे द्यायचे? ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही.

महिना संपला. घरी कुणी नसताना, दुपारी, मी कागद आणि वही समोर घेतली. वजनाचा चौकोन सोपा वाटला. आकडे मीच लिहिलेले होते. रोज प्रत्येकीला दहा-दहा लिटरचे चार घाणे, म्हणजे सगळ्यांना दूध सारखं. बाकीच्यांचा खवा सव्वाआठ किलोच्या आसपास, दाराकडचीचा कधी साडेआठ. खालाचा पावणेआठ, साडेसात. महिन्यातल्या एकाही दिवशी ती आठच्या वर गेली नव्हती. मी पुन्हापुन्हा पानं उलटली. खाला सगळ्यात शेवटी उठायची, म्हणजे वेळेतही ती मागं. तिच्या शेवटच्या घाण्याचा रंग कधीकधी पिवळट असायचा. ते सगळं मी लिहिलं. खरंच लिहिलं असं मला वाटत होतं.

मग वागणुकीचा चौकोन आला. खालाच्या तोंडून आजवर वाकडा शब्द मी ऐकलेला नाही. दहा द्यायला हवे होते. मी पेन टेकवलं आणि मला दाराकडचीचा आवाज ऐकू आला. शिकवणीची फी. दहा दिले तर सगळ्या म्हणतील, बघा, म्हटलं नव्हतं? मी सहा लिहिले. दाराकडचीला आठ लिहिले, कारण तिला कमी दिले असते तर ती विचारायला आली असती.

बेरीज तीनदा केली. खाला सगळ्यात खाली. मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर थोडं हलकंही वाटलं, की आता मला कुणी पक्षपाती म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी मी कागद मुलाच्या हातात दिला. त्यानं बघितला, म्हणाला, “मला वाटलंच होतं. वय झालं त्यांचं.”

चार दिवसांनी खालाच्या बहिणीच्या घरी नळदुर्गला लग्न होतं. ती दोन दिवस आली नाही. तिच्या जागी बसायला मालकांनी गावातली एक बाई बोलावली होती.

इथं मला मागच्या कॅनचं सांगितलं पाहिजे. जवळच्या गावांचं दूध सकाळी सातपर्यंत येतं. ते बहुतेक म्हशीचं, घट्ट, ताजं. पण डोंगराकडच्या वस्त्यांचं दूध गोळा करून मोटारसायकलवर यायला अकरा वाजतात. वीस लिटरचा एकच कॅन. त्यात गाईचं जास्त, पातळ, आणि उन्हातून आलेलं. त्याला बारीक आंबूस वास असतो. ते चुलीवर ठेवून नुसतं सोडलं की फाटतं. खाला ते कढईत थोडं थोडं सोडायची, जाळ ओढून घ्यायची, हात एकदाही थांबू द्यायची नाही. तिच्या हातून ते फाटलेलं मी कधी बघितलं नाही. म्हणून तिचे सकाळचे दोन घाणे चांगल्या दुधाचे आणि अकरानंतरचे दोन या कॅनचे. हे इतकी वर्षं असंच चाललेलं. मागचा कॅन आला की मोटारसायकलवाला मला विचारायचासुद्धा नाही, सरळ आत भिंतीकडं नेऊन ठेवायचा.

खाला नव्हती त्या पहिल्या दिवशी त्यानं कॅन ठेवला आणि गावातली बाई म्हणाली, “मला हे जमत न्हाय, मी सांगून ठेवते.” मी दाराकडं बघितलं. दाराकडची म्हणाली, “माझ्याकडं आणूच नका ते.” जावा म्हणाल्या, “आमचा हात बसला न्हाय त्याला.” शेवटी मी नव्या मुलीपुढं ठेवला. ती काही बोलली नाही. मला तिच्यासारख्यांची सवय आहे, मीही तशीच.

अर्ध्या तासानं तिच्या कढईत पाणी वेगळं आणि गोळे वेगळे झाले. ती रडायला लागली. मी काट्यावरून उठले, उरलेलं दूध माझ्या कोपरानं जमेल तसं आटवायला बसले. संध्याकाळी वहीत त्या मुलीच्या खव्याचं वजन लिहायला घेतलं: सहा किलो. आणि नुसता तो आकडा बघून मला कळलं की उद्या कुणी ही वही उघडली तर म्हणेल, ही मुलगी सगळ्यात वाईट.

वहीत वजन होतं. कोणतं दूध, ते कुठंच नव्हतं. महिनाभराचं नव्हतं, तीन वर्षांचं नव्हतं. सगळ्यात अवघड दूध मी सगळ्यात चांगल्या हाताकडं देत होते आणि त्याच हाताला कमी मार्क दिले होते. आणि दाराकडचीला आजवर तो कॅन एकदाही दिला नव्हता, कारण ती ओरडली असती. चार घाणे सारखे असं मी म्हणत होते. लिटर सारखे होते.

मालकांकडं जायला मला तीन दिवस लागले. त्याच संध्याकाळी त्यांच्या फाटकापर्यंत गेले आणि कुत्रं भुंकलं म्हणून परत आले. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी विचारलं, काय गं? मी म्हटलं, विरजण पाहिजे होतं. त्यांनी वाटीभर दिलं, ते घेऊन घरी आले. घरात विरजण होतंच. तिसऱ्या दिवशी सकाळी खाला परत आलेली दिसली. तिनं लग्नातले लाडू आणले होते आणि मला दोन जास्त दिले. तसे हातात लाडू घेऊनच मी मालकांच्या ओसरीवर गेले.

मालक आणि त्यांचा मुलगा चहा पीत होते. मी उभीच राहिले.

“बोला,” मालक म्हणाले.

“मी कागद चुकीचा भरला.”

“बेरीज चुकली?” मुलगा म्हणाला.

“नाही. बेरीज बरोबर आहे.”

मालकांनी बशी खाली ठेवली. ते तरुणपणी स्वतः कढईवर बसलेले आहेत, त्यांच्या मनगटावर भाजल्याचा पांढरा डाग आहे. त्यांनी विचारलं, “वस्तीचं दूध कुणाला देता?”

“खालाला.”

“कधीमधी?”

“रोज.”

“आणि परवा ती नव्हती तेव्हा फाटलं. त्याचं मला कळलं.” ते मुलाकडं वळले. “तू हे विचारलं व्हतंस का?”

मुलगा म्हणाला, “वहीत तसं काहीच नाही, आबा. आणि आकडे यांनीच लिहिलेत.” तो चिडला नव्हता. खरं तेच बोलत होता, म्हणून जास्त लागलं. मग त्यानंच तोडगा काढला. आठ दिवस रोज सकाळी चिठ्ठ्या टाकायच्या. जिला खुणेची निघेल तिनं त्या दिवशी मागचा कॅन घ्यायचा. मग पुन्हा मार्क.

मी पाच चिठ्ठ्या केल्या, एकीवर खूण केली, डब्यात घातल्या आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांपुढं धरल्या. खालानं हात पुढं केला नाही.

“हे काय गं?”

मी सांगितलं, अडखळत. तिला कागदाचं माहीत होतं, मार्क किती पडले ते माहीत नव्हतं.

“म्हंजे मी सगळ्यात खाली हाय?”

“हो.”

“वजनात?”

“वजनात, वेळेत. आणि...”

“आणि कशात?”

शेडमधल्या सगळ्या ऐकत होत्या. “वागणुकीत सहा दिलेत.”

“का?”

“सगळ्या मला म्हणतील, तुझी खाला आहे म्हणून जास्त दिलेस.”

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, “लोकांसाठी माझे चार कापलेस व्हय.” आणि डब्यातून चिठ्ठी उचलली. त्यानंतर ती आठ दिवस माझ्याशी कामापुरतंही बोलली नाही. वजनाला खवा आणायची, काट्यावर ठेवायची, आकडा बघायची आणि जायची.

त्या आठ दिवसांत भाद्रपदाची झड लागली होती, लाकूड ओलं झालं होतं. खालाला मागचा कॅन एकदाच निघाला. बाकीच्या दिवशी चांगल्या दुधाचा तिचा खवा साडेआठच्या वर गेला आणि ती जावांच्या बरोबरीनं उठली. धाकट्या जावेनं मागचं दूध कसंबसं ओढून नेलं, नव्या मुलीनं या वेळी अर्धं वाचवलं. चौथ्या दिवशी चिठ्ठी दाराकडचीला निघाली.

मला वाटलं ती डबा फेकून देईल. तिनं कॅन ओतला, जाळ तिच्या सवयीप्रमाणं मोठा ठेवला, आणि दूध फाटलं. तिनं उलथणं थांबवलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून कढईकडं बघत बसली. मी जवळ जाऊन म्हटलं, उरलेलं मी घेते. तिनं मान हलवली, नको.

दुपारी आम्ही दोघीच हौदावर कॅन धूत होतो. ती म्हणाली, “आता मी खाली ना?”

मी कॅनच्या तळाला राख घासत राहिले.

“तीन वर्षं तू मला चांगलंच दूध दिलंस. मग वाईट दूध सांभाळायचं मी शिकणार कधी? आठ दिवसांत? ओल्या लाकडावर?”

“तू ओरडशील म्हणून दिलं नाही.”

“मी ओरडतेच. माझ्या घरी भांडीसुद्धा ओरडतात. तू गप म्हणायचं होतंस.” तिनं कॅन पालथा घातला. “पोरीचं शेवटचं वर्ष हाय. तेवढं लिही त्या कागदात, कुठल्या चौकोनात बसत असंल तर.”

मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की दोघींवर अन्याय करायला मला काही करावंसुद्धा लागलं नव्हतं. नुसती गप्प बसले होते आणि कॅन ठेवत गेले होते.

आठ दिवस संपले तेव्हा मी दुसऱ्यांदा ओसरीवर गेले. या वेळी कुत्र्याला ओलांडून गेले. खालाचं सांगितलं आणि मग दाराकडचीचंही सांगितलं, की तिला ते दूध कधी मिळालंच नाही आणि तो दोष माझा आहे. मुलगा म्हणाला, “ताई, असं तर प्रत्येकीचं काहीतरी निघणार. मग मार्क द्यायचेच कसे?”

मी मालकांकडं बघितलं. ते म्हणाले, “खाला राहील, ते ठरलं. वस्तीचं दूध दुसऱ्या कुणाला सांभाळत न्हाय, तोवर तिला कुठं पाठवता? बाकीच्या चौघी दिवाळीपर्यंत राहू द्या. रोज पाळीनं त्या कॅनवर बसवा.” आणि मी वळले तेव्हा म्हणाले, “पण दिवाळीनंतर मला एक नाव लागंल, ताई. ते तुमच्याकडूनच.”

ते वाक्य घेऊन मी घरी आले. ते अजून माझ्याजवळच आहे. दिवाळीला फार दिवस राहिलेले नाहीत. सकाळी वाती करायला बसले की हात थांबतो.

दुसऱ्या दिवशी भट्टीवर मी खालाला सांगितलं की ती राहणार आहे. तिनं ऐकलं. मग माझ्या हातातली वही घेतली. तिला वाचता येत नाही, तिनं ती उलटीच धरली होती.

“यात काय लिवतीस?”

“नाव, तारीख, वजन.”

“आता कोणतं दूध ते पण लिव. लाकूड वलं का वाळलेलं, ते पण.”

मी पट्टी घेऊन दोन रेघा जास्त आखल्या. कॅन आला. त्या दिवशी पाळी दाराकडचीची होती. खाला आपली कढई नव्या मुलीला बघायला सांगून दाराकडं गेली आणि तिच्याशेजारी पाट घेऊन बसली. “जाळ काढ,” म्हणाली. “तुझं तोंड आणि तुझी चूल, दोन्ही जरा कमी कर.”

“तुमच्यासारखं व्हायला मला अजून तीस वर्षं लागतील, खाला.”

“दिवाळीपर्यंत हाय तुला. ऐक, आवाज ऐक.”

दूध त्या दिवशीही कडेला थोडं फाटलं, पण मधलं वाचलं. मी वजन केलं. सात किलो दोनशे. तारीख, नाव, वस्तीचं दूध, ओलं लाकूड, असं सगळं लिहिलं आणि वाचून दाखवलं.

खाला काट्याला टेकून उभी होती. म्हणाली, “आणि दूध कुणी वाटलं?”

मी पुन्हा पट्टी घेतली. शेवटची रेघ आखायला पानावर जागा उरली नव्हती, म्हणून समासात आखली. तिथं आता रोज माझं नाव लिहिते.